विद्युत अभियांत्रिकीत एम.टेक.: गेटच्या अर्जापासून प्रबंधापर्यंत

इलेक्ट्रिकलची पदवी हातात आहे किंवा शेवटचे वर्ष चालू आहे, आणि पुढे एम.टेक. करावे असे मनात आहे, अशा विद्यार्थ्यांसाठी हा लेख आहे. मी स्वतः एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातून बी.ई. होऊन पॉवर इलेक्ट्रॉनिक्समध्ये एम.टेक. केले आणि त्यानंतर अनेक नवे विद्यार्थी प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी पाऊल ठेवताना जवळून पाहिले आहेत. त्या अनुभवावरून एक गोष्ट ठामपणे सांगतो: विषय आधी ठरवावा, संस्था त्यानंतर. संस्थेच्या नावाच्या जोरावर न आवडणाऱ्या विषयात दोन वर्षे काढणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत, आणि त्यांची ओढाताण पाहवत नाही.

विषय कसा ठरवावा

पदवीला आपण सगळेच थोडे थोडे शिकतो, एम.टेक.ला एकच शाखा खोलवर शिकायची असते. पॉवर सिस्टीम्समध्ये ग्रिड, लोड फ्लो (जाळ्यात वीज कुठून किती वाहते याचा हिशेब), स्थिरता आणि संरक्षण येते. पॉवर इलेक्ट्रॉनिक्स आणि ड्राइव्ह्जमध्ये कन्व्हर्टर, इन्व्हर्टर आणि मोटरचे नियंत्रण. कंट्रोलमध्ये बरेचसे गणित. आणि सिग्नल प्रोसेसिंग, कम्युनिकेशन, मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स या शाखा आणखी वेगळ्या. शाखांची नावे मात्र संस्थेगणिक बदलतात. नागपूरच्या व्हीएनआयटीत 'इंटिग्रेटेड पॉवर सिस्टीम्स' आणि 'पॉवर इलेक्ट्रॉनिक्स अँड ड्राइव्ह्ज' असे दोन वेगळे अभ्यासक्रम आहेत, तर पवईच्या आयआयटीत पॉवर इलेक्ट्रॉनिक्स आणि पॉवर सिस्टीम्स एकाच शाखेत येतात आणि 'कंट्रोल अँड कॉम्प्युटिंग' निराळे असते. त्यामुळे नावावर न जाता प्रत्येक संस्थेच्या संकेतस्थळावरील विषयांची यादी आणि तिथे प्रत्यक्ष शिकवणाऱ्या प्राध्यापकांची कामे वाचावीत.

आवड कळण्यासाठी काहीतरी करून पाहणे हाच खरा मार्ग आहे. पॉवर सिस्टीम्सकडे ओढा असेल, तर आयईईईच्या १४ बसच्या (बस म्हणजे वीजजाळ्यातील जोडबिंदू) चाचणी-प्रणालीचा लोड फ्लो न्यूटन-रॅफसन पद्धतीने स्वतः पायथन किंवा ऑक्टेव्हमध्ये लिहावा; तयार टूलबॉक्स वापरू नये. या प्रणालीत १४ बस आणि २० शाखा आहेत, एकूण मागणी २५९ मेगावॉट आहे, दुसऱ्या बसवर ४० मेगावॉट निर्मिती दिलेली आहे आणि बाकीचा भार पहिली, म्हणजे स्लॅक बस उचलते. अज्ञात राशी २२ असतात: १३ कोन आणि ९ व्होल्टेज. तुमचे उत्तर बरोबर आले, तर स्लॅक बसवर सुमारे २३२.४ मेगावॉट दिसतील आणि वाहिन्यांमधील गळती सुमारे १३.४ मेगावॉट निघेल. जेकोबियनमध्ये, म्हणजे या पद्धतीतील आंशिक विकलजांच्या मॅट्रिक्समध्ये, एखादे चिन्ह चुकते आणि उत्तर भलतीकडे जाते. ती चूक शोधण्यात रात्र गेली आणि आकडा जुळल्यावर लगेच 'आता एक वाहिनी तोडून पाहू' असे वाटले, तर ही शाखा तुमची आहे.

पॉवर इलेक्ट्रॉनिक्ससाठी एलटीस्पाइस हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा बक कन्व्हर्टर १०० किलोहर्ट्झवर चालवा आणि इंडक्टर १०० मायक्रोहेन्रीचा घ्या. ड्यूटी, म्हणजे प्रत्येक आवर्तनात स्विच चालू असण्याचा वाटा, साधारण ४२ टक्के येईल आणि इंडक्टरमधील प्रवाहाचा चढउतार सुमारे ०.२९ अँपिअर. मग आदर्श डायोडच्या जागी खरा डायोड घाला, इंडक्टरला त्याचा रोध द्या, आणि आउटपुट ५ व्होल्टच्या खाली का घसरले याचा हिशेब कागदावर मांडा. हा हिशेब करताना कंटाळा आला, तर दुसरी शाखा पाहावी; त्यात काहीही कमीपणा नाही.

गेट

आयआयटी, एनआयटी आणि राज्यातील बहुतेक चांगल्या संस्थांचे दार गेट या परीक्षेतून उघडते. अर्ज साधारण ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरमध्ये निघतात, परीक्षा फेब्रुवारीत असते आणि निकाल मार्चमध्ये लागतो. पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून ही परीक्षा देता येते आणि निकालाचा स्कोअर तीन वर्षे ग्राह्य असतो, म्हणून तिसऱ्या वर्षी एकदा देऊन पाहणे फायद्याचे ठरते.

इलेक्ट्रिकलची प्रश्नपत्रिका ३ तासांची, ६५ प्रश्नांची आणि १०० गुणांची असते. त्यांपैकी १५ गुण सामान्य क्षमतेला आणि सुमारे १३ गुण अभियांत्रिकी गणिताला असतात. म्हणजे मशीन्स आणि पॉवर सिस्टीम्स यांना हातही न लावता २८ गुणांची तयारी होऊ शकते, आणि नेमक्या याच भागाकडे आपल्याकडचे विद्यार्थी शेवटच्या आठवड्यापर्यंत पाहत नाहीत. एकच पर्याय बरोबर असणाऱ्या प्रश्नांना चुकीच्या उत्तरासाठी त्या प्रश्नाच्या गुणांच्या एक तृतीयांश गुण वजा होतात. संख्यात्मक उत्तराच्या आणि एकाहून अधिक पर्याय बरोबर असणाऱ्या प्रश्नांना वजावट नसते. परीक्षेत स्वतःचा कॅल्क्युलेटर चालत नाही, पडद्यावरचा माउसने चालवावा लागतो, म्हणून सराव पहिल्यापासून त्यावरच करावा. खासगी शिकवणी लावणे ज्याच्या त्याच्या सोयीवर आहे. एनपीटीईएल या संकेतस्थळावरील व्याख्याने मोफत आहेत आणि मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिकाही खुल्या आहेत. या दोन गोष्टी मन लावून केलेल्या विद्यार्थ्याचे शिकवणीवाचून अडत नाही.

अर्ज, फेऱ्या आणि कागदपत्रे

इथे नवख्यांचा सर्वांत जास्त गोंधळ होतो, कारण दारे तीन आहेत आणि प्रत्येकाची तारीख वेगळी. आयआयटींना आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेला प्रत्येकी स्वतंत्र अर्ज करावा लागतो. आयआयटींनी दिलेल्या जागा पुढे कोॲप या सामाईक पोर्टलवर दिसतात आणि तिथेच स्वीकारायच्या किंवा नाकारायच्या असतात. कोॲपवर नोंदणी केली म्हणजे अर्ज झाला असे समजून बसलेले विद्यार्थी दरवर्षी भेटतात. संस्थेचा मूळ अर्ज भरला नसेल, तर कोॲपवर काहीही दिसत नाही. एनआयटींसाठी सीसीएमटी ही केंद्रीय प्रवेशप्रक्रिया आहे आणि तिथे पसंतीक्रम भरावा लागतो. राज्यातील संस्थांसाठी राज्याच्या सीईटी कक्षाची कॅप (केंद्रीभूत प्रवेश) प्रक्रिया आहे. माटुंग्याचे व्हीजेटीआय, पुण्याचे सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ, सांगलीचे वालचंद महाविद्यालय यांच्या सूचना स्वतंत्रपणेही पाहत राहाव्यात.

तिन्ही दारांच्या तारखा एकाच वहीत लिहाव्यात आणि प्रत्येक फेरीत उत्तर देण्याची शेवटची वेळ तारखेसह तासापर्यंत नोंदवावी. हातात आलेली जागा राखून पुढच्या फेरीची वाट पाहण्याचा पर्याय असतो. तो निवडण्याआधी त्या वर्षीचे नियम पूर्ण वाचावेत.

कागदपत्रांत महाराष्ट्रातील विद्यार्थी एका ठिकाणी हमखास अडकतात. राज्याच्या नमुन्यातील ओबीसीचा दाखला केंद्रीय संस्थेत चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातील, चालू आर्थिक वर्षात काढलेला नॉन-क्रीमी लेअरचा दाखला लागतो, आणि जातही केंद्राच्या यादीत असावी लागते. राज्यात विमुक्त जाती आणि भटक्या जमातींत गणल्या जाणाऱ्या अनेक जाती केंद्राच्या यादीत ओबीसीखाली येतात, हे ठाऊक नसल्याने काहीजण खुल्या प्रवर्गातून अर्ज करून मोकळे होतात. तहसील कार्यालयातून हा दाखला हातात पडायला वेळ लागतो, तेव्हा एप्रिल उजाडताच कामाला लागावे. राज्यातील प्रवेशासाठी जात वैधता प्रमाणपत्र निराळे लागते. याशिवाय सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, तात्पुरते पदवी प्रमाणपत्र, स्थलांतर प्रमाणपत्र आणि महाविद्यालय सोडल्याचा दाखला यांच्या प्रती मूळ कागदांसह एका फाइलमध्ये तयार ठेवाव्यात. विद्यापीठाचा निकाल लांबला, तर महाविद्यालयाकडून सर्व परीक्षा दिल्याचे पत्र घेऊन ठेवावे.

पैशांचे थोडक्यात. गेट उत्तीर्ण विद्यार्थ्याला दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते आणि आयआयटीत त्याबदल्यात आठवड्याला साधारण ८ तास टीएचे काम, म्हणजे पदवीच्या मुलांचे प्रयोग घेणे, उत्तरपत्रिका तपासणे वगैरे करावे लागते. पवईला संशोधन सहायक म्हणून तीन वर्षांत एम.टेक. करण्याचाही मार्ग आहे. त्यासाठी निवड वेगळी होते, पण प्रयोगशाळेत जास्त काळ मिळतो. पहिला हप्ता हातात यायला दोन-तीन महिने लागू शकतात, म्हणून मेस आणि वसतिगृहाचे तेवढे पैसे घरून नेणे बरे.

प्रवेश मिळाल्यापासून वर्ग सुरू होईपर्यंत

या मधल्या सहा-आठ आठवड्यांत एकच काम करावे: रेषीय बीजगणित पक्के करावे. पहिल्या सत्रात जे विद्यार्थी कोलमडतात, ते मशीन्स येत नाहीत म्हणून नव्हे. आयगेनव्हेक्टर म्हणजे काय हे त्यांनी कधी मनातून समजून घेतलेले नसते म्हणून.

एक उदाहरण देतो. बी.ई.ला आपण सिमेट्रिकल कॉम्पोनंट्स शिकतो. 'ए' हा ऑपरेटर १२० अंशांनी फिरवतो, एक अधिक ए अधिक ए-वर्ग बरोबर शून्य, पॉझिटिव्ह, निगेटिव्ह आणि झिरो सीक्वेन्स, आणि फॉल्टची गणिते. हे सगळे पाठ असते. चार्ल्स फोर्टेस्क्यू यांनी ही पद्धत १९१८ साली मांडली. एम.टेक.ला तीच गोष्ट अशी येते: फिरत्या यंत्राचा तीन फेजचा इम्पिडन्स मॅट्रिक्स लिहा, त्यात प्रत्येक ओळ ही वरच्या ओळीला चक्राकार एक घर पुढे सरकवून मिळते. अशा प्रत्येक मॅट्रिक्सचे आयगेनव्हेक्टर एकच असतात आणि ते म्हणजेच आपले तीन सीक्वेन्स. त्या पायावर मॅट्रिक्स कर्णरूप होतो, तीन गुंतलेली समीकरणे तीन सुटी समीकरणे होतात, आणि म्हणूनच सीक्वेन्स नेटवर्क वेगवेगळी काढता येतात. पुढे रॉबर्ट पार्क यांचे १९२९चे रूपांतर येते. त्यात रोटरबरोबर फिरणाऱ्या अक्षांवरून पाहिल्यावर सिंक्रोनस यंत्राचे सतत बदलणारे इंडक्टन्स स्थिर दिसू लागतात. आजच्या अनेक सौर इन्व्हर्टरमधील प्रवाहाचे नियंत्रण याच रूपांतरावर चालते. दोन्हींमागे पाया बदलण्याची एकच कल्पना आहे. ती जून-जुलैमध्ये समजली, तर ऑगस्टपासून वर्गात बसण्याचा आनंद निराळाच असतो.

सिग्नल प्रोसेसिंग किंवा कम्युनिकेशनला जाणाऱ्यांनी याच काळात संभाव्यताशास्त्राला तेवढाच वेळ द्यावा.

पहिल्या सत्रात विषय निवडताना सीनियर मंडळींचा सल्ला घ्यावा, पण 'कुठे गुण सढळ मिळतात' एवढेच विचारू नये. मुख्य शाखेचे पायाभूत विषय पहिल्या सत्रातच घेतले, तर दुसऱ्या सत्रात प्रकल्पाला मोकळीक मिळते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना सुरुवातीला वर्गात प्रश्न विचारायला संकोच वाटतो. मलाही वाटत असे. प्रश्न वहीत इंग्रजीत लिहून तास संपल्यावर सरांकडे जाण्याचा रिवाज मी ठेवला, आणि दोन महिन्यांत वर्गात हात वर करण्याइतका धीर आला. टीएचे काम टाळू नये. पदवीच्या मुलाला सिंक्रोनायझेशन समजावून सांगताना स्वतःचे कच्चे दुवे लगेच उघडे पडतात.

गाईड निवडणे

दोन वर्षांतील सर्वांत मोठा निर्णय हा आहे, आणि बहुतेक विद्यार्थी तो ऐकीव माहितीवर घेतात. 'ते सर कडक आहेत', 'त्या मॅडम लवकर सोडतात' एवढ्यावर नावे ठरतात. त्याऐवजी त्या प्रयोगशाळेतून गेल्या तीन-चार वर्षांत बाहेर पडलेले प्रबंध ग्रंथालयातून काढून शेवटची प्रकरणे वाचावीत. प्रत्यक्ष हार्डवेअरचे निकाल आहेत, की सगळे सिम्युलेशनवर थांबले आहे, हे तिथे दिसते. सिम्युलेशनचे काम कमी दर्जाचे असते असे मुळीच नाही. पॉवर सिस्टीम्सच्या पुष्कळ कामाला दुसरा मार्गच नसतो. पण आपल्याला हाताने काही उभे करायचे असेल, तर ते जिथे उभे राहते तिथेच जावे.

मग त्या प्रयोगशाळेतील पीएच.डी. करणाऱ्या दादा किंवा ताईला गाठून सरळ विचारावे: गेल्या वर्षीचा प्रकल्प कुठे थांबला? गाईड आठवड्याला भेटतात की महिन्याला? पीसीबीचा (छापील सर्किट बोर्डाचा) खर्च कोण करते? खराब झालेला गेट ड्रायव्हर (स्विचला चालू-बंद करणारा भाग) बदलून यायला किती दिवस लागतात? या चार उत्तरांतून जे कळते ते संकेतस्थळावरून कळत नाही. गाईडना पहिल्यांदा भेटताना त्यांचा निदान एक शोधनिबंध वाचून जावे आणि त्यातील न समजलेली जागा विचारावी. विषय त्यांनी द्यावा अशी अपेक्षा ठेवायला हरकत नाही, मात्र त्या विषयातून दोन वर्षांत नेमके काय मोजले जाणार आहे, हे पहिल्या महिन्यातच दोघांत स्पष्ट व्हावे.

प्रयोगशाळेत

इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण पुस्तकात हे कुणी लिहून ठेवत नाही आणि चूक झाली तर ती जिवावर बेतू शकते.

पहिली गोष्ट कपॅसिटरची. इन्व्हर्टरच्या डीसी लिंकवर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ४०० व्होल्टला भरलेला असेल, तर त्यात ८० ज्यूल ऊर्जा साठलेली असते आणि मुख्य स्विच बंद केल्यावरही ती तिथेच राहते. त्याला समांतर १० किलोओहमचा रोध जोडला, तर टाइम कॉन्स्टंट १० सेकंद येतो. पाच टाइम कॉन्स्टंट म्हणजे ५० सेकंद थांबल्यावर व्होल्टेज तीनच्या खाली येते. हा रोध सर्किट चालू असताना सतत १६ वॉट उष्णता देतो, म्हणून तो २५ वॉटचा तरी असावा. पाव वॉटचा रोध जळून तुटतो आणि मग कपॅसिटर रिकामा होतच नाही. त्यामुळे वेळ मोजून झाल्यावरही मल्टिमीटर लावून आकडा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हात घालू नये. ही सवय पहिल्या दिवसापासून लागली पाहिजे.

दुसरी गोष्ट ऑसिलोस्कोपची. दुसऱ्या सत्रात माझ्या हातून झालेली चूक सांगतो. व्हेरिॲकवरून डायोड रेक्टिफायर आणि त्यापुढे इन्व्हर्टर अशी जोडणी होती. इन्व्हर्टरच्या एका लेगच्या मध्यबिंदूचा तरंग पाहायचा म्हणून मी साध्या प्रोबची ग्राउंड क्लिप सरळ त्या मध्यबिंदूला लावली. स्कोपची ही क्लिप आतून त्याच्या तीन पिनांच्या प्लगमधून अर्थिंगला जोडलेली असते, आणि व्हेरिॲक हा ऑटोट्रान्सफॉर्मर असल्याने तो मेन्सपासून काहीही विलग करत नाही. क्षणात मोठा आवाज झाला, फ्यूज उडाला आणि दोन आयजीबीटींची, म्हणजे इन्व्हर्टरमधील इलेक्ट्रॉनिक स्विचांची, आवरणे फुटली. मला इजा झाली नाही, पण तीन आठवडे नव्या सुट्या भागांची वाट पाहण्यात गेले. असा तरंग डिफरन्शियल प्रोबनेच पाहावा. काही ठिकाणी यावर उपाय म्हणून स्कोपची अर्थ पिन काढून टाकतात. ते कधीही करू नये, कारण मग स्कोपची पूर्ण धातूची चौकटच जिवंत होते आणि तिच्यावर हात ठेवणाऱ्याला ते दिसत नाही.

नवे सर्किट चालू करताना घाई करू नये. आधी पॉवर न देता फक्त गेट सिग्नल पाहावेत आणि वरच्या व खालच्या स्विचमधील डेड टाइम, म्हणजे दोन्ही स्विच बंद असण्याचा मधला काळ, प्रत्यक्ष मोजावा. मग करंट लिमिट असलेल्या डीसी सप्लायवरून दहा टक्के व्होल्टेज द्यावे, तरंग गणिताशी जुळतो का पाहावे आणि मगच पुढची पायरी चढावी. रात्री उशिरा एकट्याने उच्च व्होल्टेजवर काम करू नये. सोबत कुणीतरी असावे आणि मुख्य स्विच कुठे आहे हे त्याला ठाऊक असावे.

रोजची नोंदवही ठेवावी. तारीख, जोडणीची आकृती, वाचने, प्रोग्रॅमची आवृत्ती, काय जळले आणि का, हे सगळे त्यात यावे. तरंगांच्या चित्रांबरोबर स्कोपमधील मूळ आकडेही साठवावेत, कारण प्रबंध लिहिताना नुसत्या चित्रावरून आलेख नव्याने काढता येत नाही.

प्रबंध लिहिताना आणि निघताना

प्रबंधाचे लेखन शेवटच्या महिन्यासाठी ठेवले की नोकरीच्या मुलाखती आणि अपुरे राहिलेले प्रयोग यांच्याशी त्याची गाठ पडते. प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्याचा अहवाल हाच प्रबंधाच्या पहिल्या दोन प्रकरणांचा मसुदा समजून काळजीपूर्वक लिहावा. दुसऱ्याचे वाक्य उचलू नये, दुसऱ्याची आकृती परवानगीशिवाय आणि श्रेय दिल्याशिवाय घालू नये. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक बहुधा साध्याच गोष्टीवर बोट ठेवतात: हा कपॅसिटर एवढाच का घेतला, हा आकडा सिम्युलेशनपेक्षा कमी का आला. याची उत्तरे नोंदवहीत असतात.

परीक्षा झाल्यावर नो-ड्यूजची सही घेण्याआधी आपले बोर्ड, सर्किटच्या फाइली, प्रोग्रॅमची शेवटची चालणारी आवृत्ती आणि नोंदवहीची प्रत प्रयोगशाळेत नीट नाव घालून ठेवावी. मग पुढचे काम ज्या ज्युनियरकडे जाणार आहे त्याला बोलावून तुमचे सर्किट त्याच्या हाताने, तुम्ही लिहिलेल्या सूचना वाचत, पहिल्यापासून चालू करायला सांगावे. तुम्ही शेजारी मुख्य स्विचजवळ उभे राहावे आणि तो धोक्याच्या जागी हात नेऊ लागला तरच थांबवावे, एरवी काही सांगू नये. तो जिथे जिथे अडखळेल, तिथे सूचनांत एक ओळ वाढवावी.